जीव घाबरा व्हायलाय

“जीव घाबरा व्हायलाय माय.”

खाटेवरची आजी एवढंच बोलते आणि डोळे मिटून घेते. शेजारी बी. एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी उभी असते, हातात केअर प्लॅनची वही. वहीत दोन रकाने आखलेले. एकात पेशंट स्वतःच्या तोंडानं काय सांगतो ते लिहायचं, दुसऱ्यात आपण काय पाहिलं आणि काय मोजलं ते. वही इंग्रजीत भरायची असते. आता ‘जीव घाबरा’ला इंग्रजीत काय लिहायचं?

मराठवाड्यात या दोन शब्दांत खूप काही मावतं. धाप लागली तरी जीव घाबरा होतो, छातीत धडधडलं तरी होतो, रक्तदाब उतरला तरी होतो, साखर उतरली तरी होतो, आणि पुण्याला गेलेल्या मुलाचा चार महिने फोन नाही म्हणूनही होतो. यातलं नेमकं कुठलं, ते शोधायचं तर आधी आजीचा हात हातात घ्यावा लागतो. मुलगी मनगटावर तीन बोटं ठेवते आणि सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण मिनिटभर नाडी मोजते. मिनिट संपलं तरी हात सोडत नाही. आता ती छातीच्या हालचालीवरून श्वास मोजत असते, पण आजीला तसं सांगत नाही. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं, की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी जलद आहे. तळहाताला गार घाम आहे. बोटं थरथरतात.

“सकाळपासून काय खाल्लं आजी?”

“गोळी खाल्ली की. घट बसलेत, उपास हाय मला.”

साखरेची गोळी पोटात आणि पोट रिकामं. ग्लुकोमीटरवर सत्तरच्या खालचा आकडा येतो, वॉर्डच्या सिस्टरांना हाक जाते, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आजीच्या हातात दिली जाते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटाला सुई टोचायची असं ठरतं. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात नवरात्रात हा प्रसंग नवलाचा नाही.

बी. एस्सी. नर्सिंगच्या पदवीवर लिहावंसं वाटलं ते त्या दोन रकान्यांमुळे. नर्सिंग म्हणजे सलाईन लावणं, सुई टोचणं, ड्रेसिंग करणं, असं आपण धरून चालतो. ते सगळं त्यात आहेच. पण चार वर्षं लागतात ती पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात पोचायला.

बेंबळीचंच उदाहरण घ्या. हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. इथं सरकारी दवाखाना आहे, पोलीस ठाणं आहे, भोवती सोयाबीन, तूर, हरभऱ्याची रानं आहेत. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं दुखणं आधी इथं येतं. इथं भागलं नाही तर १०८ ची गाडी धाराशिवच्या रस्त्याला लागते. अशा गावात दवाखान्यातल्या प्रत्येक बाईला एकच नाव असतं, सिस्टर. पण त्या एका हाकेला ओ देणाऱ्या बायकांची शिक्षणं निराळी असतात. घरी येऊन बाळाला डोस देणारी आरोग्यसेविका दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम शिकलेली असते. वॉर्डातल्या पुष्कळ जणी तीन वर्षांचा जीएनएम करून आलेल्या असतात. आणि तिसरी ही चार वर्षांची पदवी. पदवीवाली मोठी आणि पदविकावाली लहान, असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या जीएनएम सिस्टरला नुसत्या चालीवरून जे कळतं, ते नव्या पदवीधर मुलीला कळायला वेळ लागतो. पदवीचा भर ‘असं का’ या प्रश्नावर असतो. शरीररचना आणि शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पुढं संशोधन आणि संख्याशास्त्र. भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ साली हा अभ्यासक्रम नव्यानं आखला आणि चार वर्षांची आठ सेमिस्टर केली. शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं.

वाट सुरू होते बारावी सायन्सपासून. महाराष्ट्रात आधी नीटच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. आता राज्याची वेगळी नर्सिंग सीईटी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी, आणि नर्सिंगचा कल बघणारे काही प्रश्न. बेंबळीच्या मुलीचा नंबर लातूर, सोलापूर, पुणे असा कुठंही लागू शकतो. घरात पहिली चर्चा फीची होते, दुसरी होस्टेलची. तिसरी मात्र हलक्या आवाजात, स्वयंपाकघरात होते. पोरीला परक्या माणसांचं सगळं करावं लागंल का?

हो, करावं लागतं. पहिल्याच वर्षी. बेडपॅन द्यायचं, अंग पुसायचं, तोंड स्वच्छ करायचं, कुशीवर वळवायचं. ही तिसरी चर्चा आजची नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या मागं रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदनाचं काम उभं केलं. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेनं मुलींना आणि विधवांना नर्सिंगचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवलं. चांगल्या घरातली बाई परक्याच्या मलमूत्राला हात लावते, कुठल्याही जातीच्या माणसाला शिवते, याचा त्या काळच्या समाजाला धक्का बसला. त्याच्याही आधी, १८९१ साली, मुंबईत नर्सिंग शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या इतिहासाच्या धड्यात पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येतं. त्यांच्याविषयी आणखी काही वाचायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, असं तो धडा वाचताना दर वेळी वाटतं. पदवी पुष्कळ नंतर आली. देशातले पहिले बी. एस्सी. नर्सिंगचे वर्ग १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला भरले. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं.

पहिल्या वर्षाला मुली रडतात ते बेडपॅनमुळे नाही, इंग्रजीमुळे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक येतं आणि हाडांची नावं लॅटिन. रात्री होस्टेलवर आपापसात मराठीतून समजावून घ्यायचं, सकाळी वर्गात इंग्रजीत उत्तर द्यायचं. सहा महिन्यांत तोंड वळतं. त्याच काळात हात वळवायचं काम लॅबमध्ये चालू असतं. रबरी पुतळ्याच्या दंडावर सुई. स्नायूत द्यायची तर नव्वद अंशांत, कातडीखाली द्यायची तर पंचेचाळीस. आणि चादर. चादरीचा कोपरा गादीखाली तिरका दुमडून असा बसवायचा की पेशंटनं रात्रभर कूस बदलली तरी सुटता कामा नये. एका कोपऱ्यासाठी पाच-पाच वेळा गादी उलगडायला लावतात. हे बाहेरच्याला अति वाटतं. पण चादरीला पडलेली एक सुरकुती, हलता न येणाऱ्या माणसाच्या माकडहाडाखाली दोन दिवस राहिली, की तिथं कातडी लाल होते आणि मग फाटते. बेडसोर झाला की बरा व्हायला महिने जातात.

सलाईनचं गणितही याच काळातलं. पाचशे मिलिलिटरची बाटली चार तासांत संपवायची. सेटमधून वीस थेंबांना एक मिलिलिटर जातं. म्हणजे दहा हजार थेंब, दोनशे चाळीस मिनिटं, मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब. विद्यार्थिनी एका हातानं सेटचं चाक फिरवते, दुसऱ्या हातातलं घड्याळ ड्रिप चेंबरशेजारी धरते आणि ओठातल्या ओठात मोजते. थेंब जास्त पडले तर म्हाताऱ्या हृदयाला तो भार झेपत नाही, कमी पडले तर जुलाबानं सुकलेलं पोर सावरत नाही. मिनिट भरलं, अडतीस आले. चाक कणभर सैल करून पुन्हा मोजायचं. सगळीकडे पंप असते तर हे गणित यंत्रानं केलं असतं. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात ते बहुतेक वेळा सिस्टरच्या डोळ्यांनीच होतं.

एक नियम मला फार आवडतो. वर्गातल्या तासांना ऐंशी टक्के हजेरी चालते, पण प्रत्यक्ष कामाची हजेरी पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरावी लागते. ताप आला, बहिणीचं लग्न आलं, यात्रा आली. चुकलेला प्रत्येक दिवस पुन्हा वॉर्डात उभं राहून भरून काढायचा. अमुक इतक्या गरोदर बायका तपासल्या, अमुक इतकी बाळंतपणं पाहिली आणि स्वतःच्या हातांनी केली, हे केसबुकात एकेक करून नोंदवायचं. शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते ती नर्स म्हणून आणि सुईण म्हणूनही. परिचारिका आणि प्रसविका, दोन्ही एकाच दाखल्यात.

तिसऱ्या वर्षी कम्युनिटी पोस्टिंग सुरू होतं आणि शिक्षण वॉर्डातून गावात येतं. इथं बॅग टेक्निक नावाची पद्धत शिकवतात. घरात गेल्यावर बॅग थेट भुईवर ठेवायची नाही. वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर बॅग. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढायचा, आधी हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. वापरलेली वस्तू स्वच्छ केल्याशिवाय परत आत जाणार नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं वाहत्या पाण्याखाली हात धुवा. टँकरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या घरात वाहतं पाणी म्हणजे घरच्या सुनेनं तांब्यातून धरलेली बारीक धार. बाहेरची मुलगी दुसरा तांब्या मागते. गावातली मुलगी पहिल्याच तांब्यात दोन्ही हात कोपरापर्यंत धुऊन घेते, कारण तो हंडा किती लांबून आला ते तिला माहीत असतं. मग ओसरीवर बसून गोष्टी सुरू होतात. “पायाला मुंग्या यायल्यात” असं कुणी म्हणालं, की ती पायताण काढायला लावून तळवा बघते. साखरेनं बधिर झालेल्या पायात काटा मोडलेला असतो आणि त्या माणसाला पत्ताच नसतो. दर वर्षी अनवाणी तुळजापूरला चालत जाणाऱ्या माणसाला “जाऊ नका” असं सांगून भागत नाही. पाय रोज कसा बघायचा, आरसा कसा धरायचा, हे त्याच्याच बोलीत सांगावं लागतं. हे काम लातूर-धाराशिवच्या मुलीइतकं चांगलं कुणाला जमणार?

पावसाळ्यातलं दुसरं दुखणं म्हणजे सर्पदंश. पुष्कळदा शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळं पाणी द्यायला रात्री रानात जावं लागतं. माणूस आणला जातो तेव्हा काय चावलं ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी एक साधी चाचणी फार कामाची. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळी जराही न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त थिजलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष आत काम करतंय. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर निकाल फसतो. हे ज्ञान सिस्टरपाशी असावं लागतं, कारण नळी तीच ठेवते. प्रतिविषाच्या कुपीतली पूड पाण्यात विरघळवताना कुपी खळखळ हलवायची नाही, फेस होतो. तळहातात धरून हळू फिरवायची. अशा आठ-दहा कुप्या. बाहेर नातेवाईक दारावर हात आपटत असतात आणि आत एक मुलगी शांतपणे कुपी फिरवत असते. तिला तो शांतपणा चार वर्षांत शिकवलेला असतो.

असा शांतपणा आपत्तीतही लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या जिल्ह्यानं किल्लारी-सास्तूरचा भूकंप पाहिला. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. आज आपत्तीच्या धड्यात लाल, पिवळा, हिरवा, काळा असे जखमींचे वर्ग शिकवतात, कुणाला आधी उचलायचं ते ठरवायला. धाराशिव-लातूरच्या मुलींना तो धडा पाठ करावा लागत नाही. घरातल्या मोठ्यांकडून त्यांनी तो आधीच ऐकलेला असतो.

पदवी झाली की प्रश्न येतो, पुढं काय. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी. एस्सी. नर्सिंगची मुलगी बसू शकते. नव्या अभ्यासक्रमात त्या कामाची तयारीही घातलेली आहे. रक्तदाब, साखर, गरोदर बायका, म्हातारी माणसं, सगळं गावातच. पण ही पदं कंत्राटी. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घर उभं राहत नाही. वॉर्डात दर तीन किंवा पाच खाटांमागं एक नर्स असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं माप सांगतं. सरकारी रुग्णालयाच्या रात्रपाळीत जाऊन खाटा मोजल्या की त्या मापाचं काय झालं ते कळतं. मला याचा राग येतो. शंभर टक्के हजेरी मागून तयार केलेली माणसं आपण अर्ध्या पगारावर आणि दुप्पट खाटांवर झिजवतो. मग मुली जर्मन शिकायला लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. मराठी, इंग्रजी आणि आता तिसरी भाषा. त्यांनी जावं, जरूर जावं. कष्टाचा मोबदला जिथं मिळेल तिथं जाण्याचा हक्क त्यांचाच आहे. फक्त तिथल्या म्हाताऱ्या बाईचा जीव घाबरा होतो तेव्हा ती काय म्हणते, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.

इकडं वॉर्डात पंधरा मिनिटं होत आलेली असतात. मुलगी वही उघडते. इंग्रजी शब्द शोधण्यात तिनं वेळ घालवलेला नाही. पहिल्या रकान्यात अवतरणचिन्हं काढून तिनं आजीचं वाक्य होतं तसं, देवनागरीत लिहिलंय. दुसऱ्या रकान्यात इंग्रजीत नाडी, श्वास, घाम, थरथर, साखर, आणि प्रत्येकापुढं वेळ. मग ती आजीचं बोट पुसते, सुई टोचते, पट्टीवर थेंब धरते. आकडा वर चढलेला असतो.

“आता कसं वाटतंय आजी?”

“बरं वाटायलंय,” आजी म्हणते. “पर उपास मोडला का गं माझा?”

मुलगी वही बाजूला ठेवते आणि खाटेच्या कडेला बसते.