सणाचा समारोप : यहुदी परंपरेतील 'शमिनी अत्सेरेत' या दिवसाचे नियम व प्रथा

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
- शमिनी अत्सेरेत हा दिवस सुक्कोत सणाचा शेवट आहे की स्वतंत्र सण, हे सकारण सांगता येईल.
- इस्रायलमध्ये व इस्रायलबाहेर या दिवसाच्या आचारात फरक का पडतो, हे स्पष्ट करता येईल.
- कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या मराठी सणनामांचा अर्थ या संदर्भात लावता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, सणाचा आरंभ कसा करावा याविषयी धर्मग्रंथ पुष्कळ सांगतात. सण संपतो कधी आणि कसा, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. यहुदी धर्मशास्त्राने हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला आहे. समारोपाचा दिवस आज की उद्या, त्या दिवशी कोणती कृती चालते आणि कोणती चालत नाही, यावर घरातील स्वयंपाक, प्रवास, व्यवसाय आणि शोकविधी अवलंबून असतात. त्यामुळे ही केवळ पंडितांची चर्चा राहत नाही. ती प्रत्येक कुटुंबाच्या दाराशी येते.

यहुदी पंचांगातील तिश्री महिना साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. त्याच्या १५ तारखेस सुक्कोत, म्हणजे मराठी बायबलमधील 'मांडवांचा सण', सुरू होतो व तो सात दिवस चालतो. त्यानंतरचा आठवा दिवस, २२ तिश्री, म्हणजे शमिनी अत्सेरेत. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे येथे ध्यानात ठेवा.

२. शेवटचा दिवस की नवा सण?

'शमिनी' म्हणजे आठवा. 'अत्सेरेत' या हिब्रू शब्दात थांबणे, रोखून धरणे असा भाव आहे. त्यावरूनच 'पवित्र मेळा' हा अर्थही आला. लेवीय आणि गणना या ग्रंथांत या दिवसाची आज्ञा आहे. पण तो कशाच्या स्मरणार्थ पाळावा, हे तेथे सांगितलेले नाही.

गणना ग्रंथातील बलींचा क्रम पाहा. सुक्कोतच्या पहिल्या दिवशी १३ बैल, दुसऱ्या दिवशी १२, असे उतरत उतरत सातव्या दिवशी ७, एकूण ७०. हाच क्रम पुढे चालला असता, तर आठव्या दिवशी ६ बैल आले असते. प्रत्यक्षात तेथे एकच बैल सांगितला आहे. क्रम मोडला, म्हणजे सण बदलला, असा अर्थ भाष्यकारांनी काढला. ७० बली जगातील ७० राष्ट्रांसाठी आणि अखेरचा एक इस्रायलसाठी, असे रब्बींचे स्पष्टीकरण आहे. त्याला जोडून एक दृष्टान्त येतो : राजाने मुलांना काही दिवस मेजवानीला बोलावले, निघायची वेळ झाली तेव्हा तुमचा वियोग मला जड जातो, आणखी एक दिवस राहा, असे तो म्हणाला. 'थांबणे' हा शब्दार्थ येथे आपुलकीचा अर्थ धारण करतो.

तालमूदने या दिवसाचे स्वातंत्र्य अनेक लक्षणांनी सिद्ध केले आहे. त्यांतील एक सहज पडताळता येते. नवा सण सुरू होताना, आम्हाला या वेळेपर्यंत जिवंत ठेवले, अशा आशयाचे 'शेहेखेयानू' हे आभारवचन म्हणतात. वल्हांडणाच्या शेवटच्या दिवशी ते म्हणत नाहीत, कारण तो दिवस त्याच सणाचा भाग आहे. शमिनी अत्सेरेतला मात्र ते म्हणतात.

या भेदाचा मानवी परिणाम शोकविधीत दिसतो. जवळच्या नातलगाच्या दफनानंतर सात दिवसांचे कडक सुतक व तीस दिवसांचा सौम्य शोक पाळतात. सुक्कोत लागण्यापूर्वी थोडा वेळ जरी सुतक पाळले गेले असेल, तरी सण ते संपवतो आणि तेवढा काळ सात दिवसांचा धरला जातो. सुक्कोतचे सात मिळून १४ होतात. शमिनी अत्सेरेत हा स्वतंत्र सण असल्याने तो एकच दिवस पुन्हा सातांचा मोजला जातो, एकूण २१. म्हणजे शोकाकुल घराचे तीस दिवस किती लवकर पुरे होतील, हे 'हा दिवस कोणता?' या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

३. त्या दिवशीचे आचार

हा पूर्ण सणाचा दिवस असल्याने व्यवसाय, लेखन, प्रवास यांना शब्बाथप्रमाणेच मनाई असते. मात्र त्या दिवसाच्या जेवणासाठी स्वयंपाक करता येतो; नवा अग्नी पेटवता येत नाही, आधीपासून तेवत असलेल्या ज्योतीवरून घेता येतो. दिवे लावून व द्राक्षरसावर 'किद्दुश' म्हणून सणाचा आरंभ होतो आणि 'हवदाला' या विधीने तो संपतो.

सुक्कोतच्या सात दिवसांत माडवात जेवणे आणि 'लुलाव', म्हणजे खजुरीचा कोंब, मर्टल व विलोच्या फांद्या, 'एत्रोग' या लिंबूवर्गीय फळासह हाती धरणे, या आज्ञा असतात. आठव्या दिवशी त्या संपतात. त्या दिवसाला स्वतःचे असे कोणतेही उपकरण नाही.

त्याला स्वतःची प्रार्थना मात्र आहे, ती पावसाची. 'मुसाफ' प्रार्थनेत पावसाचे स्तवन सुरू होते व ते वल्हांडणापर्यंत चालते. सुक्कोत चालू असताना ते टाळतात, कारण तेव्हा पाऊस आला तर माडवात बसता येणार नाही. प्रत्यक्ष पावसाची मागणी तर इस्रायलमध्ये त्याहूनही उशिरा, ७ मार्खेश्वानला सुरू होते. यात्रेहून परतणारा शेवटचा माणूस युफ्रेटिस नदीपर्यंत पोहोचावा, यासाठी १५ दिवस सोडलेले आहेत. आपल्या प्रार्थनेने दुसऱ्याची वाट चिखलाची होऊ नये, ही काळजी नियमातच गुंफलेली आहे.

४. संशयाचा दिवस

प्राचीन काळी नवा महिना चंद्रदर्शनाच्या साक्षीवरून जेरुसलेममध्ये जाहीर होई आणि दूतांमार्फत ती वार्ता पाठवली जाई. बाबिलोनसारख्या दूरच्या प्रदेशात ती वेळेवर पोहोचत नसे. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे ठाऊक नसल्याने तेथील लोक सणाचे दोन दिवस पाळू लागले. पुढे गणिती पंचांग निश्चित झाले, संशय मिटला. पण पूर्वजांची प्रथा म्हणून इस्रायलबाहेर दुसरा दिवस कायम राहिला.

यातून एक पेच निर्माण झाला. इस्रायलबाहेर २२ तिश्री हा आठवा दिवस खरा. परंतु जुन्या संशयानुसार तो सातवाही असू शकतो. मग माडवात जेवावे की नाही? तालमूदचा निर्णय असा : जेवावे, पण माडवात बसण्याचे आशीर्वचन म्हणू नये. लुलाव मात्र हाती घेऊ नये. यामागील युक्तिवाद नीट पाहा. माडवात जेवणे हे बाहेरून साध्या जेवणासारखेच दिसते. त्याने नव्या सणाचा अवमान होत नाही. लुलाव धरणे ही उघड सुक्कोतचीच कृती आहे. आशीर्वचनाचेही तसेच : किद्दुशमध्ये 'आठवा' म्हणायचे आणि लगेच 'सातवा' असल्यासारखे बोलायचे, हे विसंगत ठरेल. संशयाचा मान राखायचा, पण बोलण्यात परस्परविरोध येऊ द्यायचा नाही, असा हा मध्यममार्ग आहे.

५. सिम्हत तोरा : शेवटातच आरंभ

'सिम्हत तोरा' म्हणजे तोराचा आनंद. इस्रायलमध्ये तो २२ तिश्रीलाच येतो. बाहेर २३ तिश्रीला. हे नाव तालमूदमध्ये आढळत नाही. तोराचे वाचन एका वर्षात पूर्ण करण्याची बाबिलोनी पद्धत रूढ झाल्यावर हा उत्सव आकाराला आला. गुंडाळीग्रंथ हाती घेऊन प्रार्थनामंदिरात सात फेऱ्या घालतात, गातात, नाचतात. मग अनुवाद ग्रंथाचा अखेरचा भाग वाचला जातो. त्यात मोशेचा मृत्यू आहे. वचनदत्त भूमी तो दुरून पाहतो, पण तेथे पोहोचत नाही. तेथे न थांबता लगेच दुसऱ्या ग्रंथातून उत्पत्तीचा आरंभ, सृष्टीची निर्मिती, वाचतात. वाचन संपले असे म्हणण्याची सवडच ठेवलेली नाही.

६. कोकणातील संदर्भ

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे एक जवळचा धागा सापडतो. कोकणातील बेने इस्रायल समाज दीर्घकाळ इतर यहुदी केंद्रांपासून दूर राहिला. त्याने सणांना मराठी नावे दिली. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून, बाहेरच्यांशी संपर्क टाळून उपवास केला जाई. दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी दानधर्म व भेटीगाठी होत. सण संपल्यावर उरणाऱ्या दिवसाला 'शिळा' हे नाव मराठी स्वयंपाकघरातूनच सुचू शकते.

सिम्हत तोरासाठी मात्र गुंडाळीग्रंथ आणि प्रार्थनामंदिर हवे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. परिणामी एकाच कुटुंबातील ठाण्याच्या भावाचा सण २३ तिश्रीला संपतो आणि तिकडे स्थायिक झालेल्या बहिणीचा २२ तारखेलाच. ठाण्याचा भाऊ पाहुणा म्हणून तिकडे गेला, तर बहुतेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते त्याने दोन दिवसच पाळावेत. बहीण कामाला लागलेली असेल आणि भावाचा सण चालू असेल. शिवाय ऑक्टोबरमध्ये कोकणात भाताची कापणी चालू असते. तेव्हा शेतकरी पाऊस नको म्हणतो, आणि प्रार्थनेत तर पावसाचेच स्तवन असते. कारण ती प्रार्थना दूरच्या एका भूमीच्या ऋतूला बांधलेली आहे.

७. सारांश

शमिनी अत्सेरेत सुक्कोतला जोडलेला असूनही स्वतंत्र सण आहे. बलींचा मोडलेला क्रम, शेहेखेयानू आणि शोकाची गणना हे त्याचे पुरावे होत. इस्रायलबाहेरचा दुसरा दिवस जुन्या संशयातून आला आणि संशय मिटल्यावरही टिकला. नियमाचे मूळ कारण नाहीसे झाले तरी नियम का टिकतो, हा या घटकाने तुमच्यासमोर ठेवलेला खरा प्रश्न आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. शमिनी अत्सेरेत स्वतंत्र सण असल्याची तीन कारणे लिहा.
२. इस्रायलबाहेर आठव्या दिवशी माडवात जेवतात, पण लुलाव घेत नाहीत. का?
३. 'दारफाळणीचा सण' व 'शिळा सण' या नावांतून दिसणारे मराठी लोकजीवन स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी वा गावी कारण विसरले गेले तरी पाळली जाणारी एखादी प्रथा निवडा. ती टिकण्यामागील कारणांची २० ओळींत चर्चा करा.