जलशीतनाच्या अंदाजपत्रकात फिटिंगचा खर्च दुर्लक्षित
म्हैसूर : डेस्कटॉप संगणकासाठी सुटे भाग जोडून जलशीतन प्रणाली उभारताना पंप आणि रेडिएटरची किंमत धरली जाते, खर्च फुगतो तो बहुधा नळ्यांच्या फिटिंगमुळे. प्रोसेसरचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक, रेडिएटर व पंप या प्रत्येकाला २, म्हणजे किमान ८ फिटिंग लागतात. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक सहसा ठरावीक कार्डालाच बसतो. कार्ड बदलले की तो निरुपयोगी. शीतक द्रवही वेळोवेळी बदलावा लागतो, आणि त्याऐवजी नळाचे क्षारयुक्त पाणी भरणे ही खोटी काटकसर होय. एवढे करूनही द्रवाचे तापमान खोलीतील हवेपेक्षा खाली उतरत नाही. म्हैसूरची हवा तुलनेने सौम्य असल्याने कुवेंपुनगरमधील घरगुती संगणकाला चांगला एअर कूलर बहुधा पुरतो. वाचलेली रक्कम अधिक सक्षम ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येते.