अंगणातली जुनी गाडी आणि घरातली रजा

आम्ही भांडुपच्या बचत गटातल्या बाया. आज विषय जरा वेगळा आहे : जुनी गाडी घरीच दुरुस्त करणं. तुमच्या अंगणात बंद पडलेली जीप, ट्रॅक्टर किंवा स्कूटर उभी असेल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

आमच्या एका ताईंच्या दारात सासऱ्यांची १९८८ची पद्मिनी सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ही गाडी आपल्याच भागातली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४पासून ती फियाट म्हणून बनायची, १९७४पासून तिला पद्मिनी नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ साली झाली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून ताईंच्या मिस्टरांच्या मनानं घेतलं, बाबांची गाडी पुन्हा चालवायची. महिनाभर बिनपगारी रजा आणि गटाकडून चाळीस हजार कर्ज, असा त्यांचा बेत.

गटाच्या बैठकीत दोन प्रश्न निघाले. पगार नसलेल्या महिन्यात हप्ता कोण भरणार? आणि गाडीचे कागद कुठे आहेत?

आरसी बुक वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर निघालं. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. इथे तर वर्षं उलटली होती. शिवाय खासगी गाडीची नोंद १५ वर्षांची. पुढे गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते, पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावी लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. म्हणून स्पॅनरला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन एकूण खर्च विचारा.

मग कामाचा क्रम. पायातली रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बघा. तो सडला असेल तर खर्च तिथेच वाढतो. त्यानंतर ब्रेक, पेट्रोलचे पाइप, वायरिंग, इंजिन. रंग अगदी शेवटी. पुष्कळजण आधी रंग काढतात आणि पैसे संपले की गाडी तशीच गंजते.

घरात लेकरं असतात, म्हणून हे लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली शिरायचं नाही, भक्कम स्टँड लावायचे. बॅटरीची काळी वायर आधी काढायची. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुरातल्या विषारी वायूने माणूस गुदमरून जातो आणि त्या वायूला वासही नसतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावूनच घासायचं, मास्क बांधायचा आणि ते कपडे वेगळे धुवायचे. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

शेवटी ठरलं असं : बिनपगारी रजा नाही. साठलेल्या हक्काच्या रजेतले दहा दिवस आणि पुढे रविवार. गटाने कागद आणि ब्रेकपुरते बारा हजार दिले, तेही नवरा-बायको दोघांच्या सहीने. रंगाचे पैसे त्यांनी स्वतः साठवायचे. मिस्टर आधी रुसले. पण कागद नावावर झाले आणि इंजिन पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा सासूबाई पदराने बॉनेट पुसत उभ्या होत्या. गाडीला अजून रंग नाही, पण गटाचा एकही हप्ता चुकलेला नाही.

मैत्रिणींनो, घरच्या माणसाची हौस मोडू नका. फक्त आधी वही उघडा, दोन रकाने आखा : किती पैसे आणि किती दिवस. दोन्ही भरले की मगच ताडपत्री काढा.