वाड्यातले बिऱ्हाडकरू

शब्दांचीही गादी बळकावली जाते. अमेरिकेत 'लिबरल' या शब्दाचे तसे झाले. सरकारने लोकांच्या खिशात आणि खाजगी व्यवहारात कमीत कमी हात घालावा असे म्हणणारा, तो पूर्वीचा लिबरल. पुढे सरकारने गोरगरिबांसाठी पुष्कळ काही करावे असे म्हणणाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि मूळ मालकांना दुसरे नाव शोधावे लागले. ते नाव 'लिबर्टेरियन'. आपण त्यांना स्वातंत्र्यवादी म्हणू. कर कमी करा, व्यापार खुला ठेवा, परदेशातल्या लढाया आवरा आणि माणूस आपल्या घरात काय खातो-पितो-ओढतो याची चौकशी शिपायाने करू नये, एवढे त्यांचे मागणे. यातले निम्मे रिपब्लिकन पक्षाला गोड लागते, उरलेले निम्मे त्याच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून ही मंडळी त्या प्रचंड वाड्यात बिऱ्हाडकरूसारखी राहतात. भाडे वेळेवर घेतले जाते, माजघरात मात्र मज्जाव!

वाडा आपला झाला असे त्यांना 1964 मध्ये एकदा वाटले होते. ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर पक्षाचे उमेदवार झाले. पण 50 पैकी अवघी 6 राज्ये त्यांच्या पदरात पडली, आणि त्यांतले स्वतःचे ॲरिझोना सोडले तर बाकीची पाचही खोल दक्षिणेतली. गोल्डवॉटरांनी त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते. खाजगी धंद्यात वॉशिंग्टनने लुडबूड करू नये, हे त्यांचे कारण. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदाराने त्याचा कोणता अर्थ घेतला, ते सांगायला नको. तत्त्व एकाचे आणि मतलब दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता. या पंथाच्या इतिहासातला हा सर्वांत अवघड भाग असून त्यांचे भक्त तो घाईघाईने उरकतात, असे माझे मत आहे.

15 ऑगस्ट 1971 रोजी रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनीच 90 दिवसांसाठी मजुरी आणि किमती गोठवल्या, शिवाय डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. घरमालकच उलटला म्हटल्यावर काहींनी सामान आवरले. त्याच डिसेंबरात कोलोरॅडोत डेव्हिड नोलन आणि मित्रांनी वेगळा पक्ष काढला. 1972 चे त्यांचे उमेदवार जॉन हॉस्पर्स हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. (प्राध्यापकाला उभे करायचे म्हणजे निकाल आधीच ठाऊक!) चार हजार मतेही पडली नाहीत. पण व्हर्जिनियातले रॉजर मॅकब्राइड हे रिपब्लिकन निर्वाचक निक्सनला मत देण्याऐवजी हॉस्पर्स आणि त्यांच्या जोडीदार टोनी नेथन यांना देऊन मोकळे झाले. निर्वाचकाचे मत मिळवणारी अमेरिकेतली पहिली स्त्री ती ही टोनी नेथन.

गोम आहे ती मोजणीच्या रीतीत. दोन राज्ये वगळता सर्वत्र, राज्यात ज्याला जास्त मते त्यालाच सारे निर्वाचक. 2016 मध्ये गॅरी जॉन्सन या माजी रिपब्लिकन गव्हर्नराने वेगळ्या पक्षातर्फे सुमारे 45 लाख मते मिळवली, निर्वाचक शून्य. उलट उमेदवार नसलेल्या रॉन पॉल यांना टेक्ससच्या एका निर्वाचकाने आपले मत देऊन टाकले! हे पॉल 1988 मध्ये वेगळ्या पक्षातर्फे लढून हरले, वाड्यात परतले, 1996 मध्ये पुन्हा काँग्रेसवर निवडून गेले आणि 2002 मध्ये इराकच्या लढाईविरुद्ध मत देऊ शकले. बाहेर राहिले असते तर कोणत्या सभागृहात देणार होते?

आपल्याकडे राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने 1959 पासून स्वतःचे घर थाटले होते. 1967 च्या लोकसभेत त्याचे 44 सभासद होते. 1974 मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. अमेरिकेतल्या छोट्या घराला तेवढेही दिवस दिसले नाहीत.

मे 2024 मध्ये ट्रम्प स्वतः या छोट्या पक्षाच्या अधिवेशनात मते मागायला गेले, तेव्हा त्यांची हुर्यो उडाली. दर चार वर्षांनी तीन टक्के घेत बसायचे तर बसा, असे ते तिथल्या तिथे बोलले. बोलणे उर्मट, हिशेब बरोबर. ऑनलाइन मादक द्रव्यांचा बाजार चालवल्याबद्दल जन्मठेपेत असलेल्या रॉस उलब्रिक्टला सोडण्याचा शब्द त्यांनी तिथे दिला आणि जानेवारी 2025 मध्ये पाळलाही. ती शिक्षा अवाजवी आहे असे या मंडळींचे जुने म्हणणे होते. एप्रिल उजाडला आणि जवळजवळ साऱ्या जगाच्या मालावर किमान 10 टक्के जकात बसली. जकात म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकावरचा कर, असे मानणाऱ्याने आता कुठे जावे?

त्याच आठवड्यात कॅनडावरच्या जकातीविरुद्धचा ठराव सिनेटात 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाला. चार रिपब्लिकन विरोधकांबरोबर उभे राहिले, त्यांत रॉन पॉल यांचे चिरंजीव रँड हे एक. त्या ठरावाने जकात काही उठली नाही. पण ती चार मते घरातली होती.