चार पर्यायांची कोंडी

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देऊन बाहेर पडलेले विद्यार्थी अनेकदा म्हणतात, "उत्तर येत होते, तरी चुकले." ही केवळ सबब नसते. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. म्हणजे वाचन, आकडेमोड आणि निवड यांसाठी प्रश्नामागे एक मिनिट. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक गुण वजा.

चुकीचे पर्यायही विद्यार्थी कोठे घसरतील, याचा विचार करून रचलेले असतात. एकक बदलायचे राहिले किंवा ऋण चिन्ह सुटले, की येणारे चुकीचे उत्तर पर्यायांत हजर असते. ते दिसताच खात्री पटते आणि पडताळणी राहून जाते. वर्णनात्मक उत्तरपत्रिकेत निदान रीतीचे गुण मिळाले असते. येथे मात्र चार पायऱ्या बरोबर चढून पाचवीला घसरलेला आणि नुसता अंदाज बांधून चुकलेला, दोघांच्याही वाट्याला वजा एकच येतो. खरी निराशा हीच.

तथापि, गणित भीतीच्या बाजूने नाही. डोळे झाकून एक पर्याय निवडल्यास प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाव गुण पदरात पडतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर दीड. म्हणून अर्धवट माहिती असलेला प्रश्न कोरा सोडणे बहुधा तोट्याचे ठरते. या परीक्षेत ज्ञानाबरोबर निर्णयाचाही कस लागतो. त्याचा सराव जरूर व्हावा. पण वजा झालेल्या गुणांवरून मुलाला काहीच येत नाही, असा निष्कर्ष पालकांनी काढू नये.