पट, केंद्र आणि जिल्हा परिषदेची शाळा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर जनरल रजिस्टर सापडेल. जाड पुठ्ठ्याचं, कापडी कण्याचं, कडा काळवंडलेल्या. मुलाचं नाव, आईचं नाव, जात-पोटजात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. एका मुलाची एक आडवी ओळ. ती एकदा लिहिली गेली की खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. स्वातंत्र्यापूर्वीच्या शाळांत काही जुनी रजिस्टरं मोडी लिपीत आहेत. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचा पुरावा मागितला की लोक त्याच रजिस्टरापाशी येतात. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीची नोंद हवी असते, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीची, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीची. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी ही रजिस्टरं पुन्हा उघडली. ज्या कुटुंबांकडे सातबारा नव्हता, त्यांच्या असण्याचा लेखी पुरावा पुष्कळदा गावच्या शाळेनेच जपला.

ही शाळा नेमकी कुणाची आणि कुणाच्या आधाराने चालते, हे तिथे शिकलेल्यांनाही फारसं ठाऊक नसतं. वयस्कर माणसं अजून ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात, कारण पूर्वी प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे आणि नंतर जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि त्यांच्या शाळा साठ हजारांच्या आसपास. राज्यातल्या एकूण शाळा लाखाच्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त शाळा एकट्या जिल्हा परिषदांच्या.

शिक्षण १९७६ पर्यंत राज्यांच्या यादीत होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. त्यामुळे आज कायदा दिल्लीचा, पगार मुंबईचा, अभ्यासक्रम व पुस्तकं पुण्याची आणि इमारत गावची, अशी विभागणी झाली आहे. पुस्तकं १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची. दहावी-बारावीच्या परीक्षा १९६६ पासूनच्या राज्य मंडळाच्या आणि त्याच्या नऊ विभागीय मंडळांच्या. शिक्षकाची नेमणूक करणारे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. मधल्या पायऱ्यांवर जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला विस्तार अधिकारी आणि केंद्राला केंद्रप्रमुख. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि महापालिका-नगरपालिकांच्या शाळा यांची व्यवस्था वेगळी आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

महाराष्ट्राची आणखी एक खूण सांगायला हवी. गावचं प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेचं आणि हायस्कूल संस्थेचं, ही वाटणी इथे पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली रयत शिक्षण संस्था, पंजाबराव देशमुखांची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था, नाशिकची मराठा विद्या प्रसारक, बापूजी साळुंखे यांची कोल्हापूरची विवेकानंद शिक्षण संस्था: अनुदान सरकारचं, शाळा संस्थेची. चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत गुरुजींकडे, मग पाचवीला किंवा आठवीला हायस्कुलात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे केले आणि ही जुनी वाटणी उसवली. पाचवी कुणाची, आठवी कुणाची, यावर कित्येक गावांत जिल्हा परिषद आणि संस्था समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये काही वर्षं शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली, त्याने तर खेड्यातल्या छोट्या शाळेच्या मानाचं पान गेलं. चौथीची शिष्यवृत्ती हे त्या शाळेचं वर्षाचं सर्वांत मोठं काम होतं. जादा तास होत, गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात मुलं बसवत आणि निकालानंतर गावातून मिरवणूक निघे. पाचवीचा वर्गच नसलेल्या शाळेला ही परीक्षा परकी झाली.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, हे महाराष्ट्राने मान्य केलं. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावं या मागणीची मुळं इथेच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षणावर खर्च करा असं ठणकावलं. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. हे सारं घडल्यानंतर देशाच्या कायद्याला ९०-१०० वर्षं लागली. म्हणून त्यातला एक किलोमीटर मला फार मोलाचा वाटतो.

याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकांचं गणित आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० मुलांच्या वर. म्हणजे खेड्यातल्या बहुतेक शाळांना मुख्याध्यापकाचं पदच नाही. जो शिक्षक ज्येष्ठ, त्याच्याकडे प्रभार. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. ६१ वं मूल दुसऱ्या गावी गेलं की एक गुरुजी अतिरिक्त ठरतात. त्यांचं समायोजन होतं आणि नव्या ठिकाणी आधीच्या माणसाला खो बसतो. तांदूळ पटावर, गणवेश पटावर, शाळेचं अनुदान पटावर. पटाला एवढी किंमत आली की काही ठिकाणी तो फुगवला गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली. आता विद्यार्थ्याच्या आधार क्रमांकाशी पट जोडलेला आहे. ज्याच्या आधारात नावाची वेलांटी चुकली, ते मूल वर्गात बसलेलं असूनही हिशेबात येत नाही आणि गुरुजी त्याच्या आई-बापाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर खेपा घालतात.

दोनशिक्षकी शाळा चालते कशी, ते शहरातल्या पालकांनी एकदा बघावं. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. परिपाठ झाला की बाई दुसरीला वाचन देतात. दोघं-दोघं मुलं एका पुस्तकावर बोट ठेवून वाचत राहतात आणि बाई पहिलीकडे वळतात. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या जमिनीवर पसरलेल्या. “तेवीस दाखव,” म्हटलं की मूल दोन गठ्ठे उचलतं आणि तीन काड्या मोजून घेतं. एखादं मूल तेवीस सुट्या काड्याच मोजत बसतं. बाई त्याला थांबवत नाहीत, मोजून होईपर्यंत वाट बघतात आणि मग विचारतात, “यातल्या दहा बांधता येतील का रे?” मग कागद-पेनानं पोषण आहाराची नोंद. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०. शिजवणाऱ्या मावशींना आकडा द्यायचा आणि तो मोबाइलवर भरायचा. तोवर दुसरीचं वाचन संपलेलं असतं, मुलं आपापलं पुस्तक मिटून पहिलीच्या पोरांना काड्या बांधून देत असतात. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवण्याला गैरसोय म्हणतात, पण शिकवायला चांगली शिक्षिका असेल तर तिथे मोठं मूल धाकट्याला शिकवतं आणि स्वतःचंही पक्कं करतं. दुसरे गुरुजी मात्र तालुक्याला बैठकीला गेलेले असले की चारही इयत्ता एकट्या बाईंवर येतात. कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. त्यातलं निवडणुकीचंच काम बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, रूपाने वर्षभर पुरतं.

या शाळेला तालुक्याशी जोडणारा जो दुवा, त्याला केंद्र म्हणतात. १९९० च्या दशकात ही रचना आली: जवळपासच्या साधारण दहा-बारा शाळांचा एक गट, त्यात मधली मोठी शाळा ती केंद्रशाळा आणि त्या गटाला एक केंद्रप्रमुख. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. सगळ्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी येतात, एखादा शिक्षक पाठ घेऊन दाखवतो, बाकीचे त्यावर बोलतात. एकट्याने दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला आपल्यासारखंच काम करणारी दुसरी माणसं भेटण्याची ही एकच जागा आहे. “हातच्याची वजाबाकी पोरं उलटीच करतात” ही अडचण तिथे बोलता येते आणि शेजारच्या शाळेतली बाई आपण काय केलं ते सांगते. साऱ्या यंत्रणेत मुलाला नावाने ओळखू शकेल असा सर्वांत वरचा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख. त्याच्या वरच्या पायरीपासून मूल पटावरचा आकडा होतं. म्हणून महाराष्ट्राचं शालेय शिक्षण या पायरीवर उभं राहतं किंवा खचतं, असं माझं मत आहे.

शिक्षक असे एकत्र बसले की काय होतं, याचा पुरावा केंद्राच्या लगेच वरच्या पायरीवर, म्हणजे काही केंद्रं मिळून होणाऱ्या बीटात, आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलाच्या हाताला येतील एवढ्या खाली उतरवलेले फळे, दगड-काड्या-मण्यांचं साहित्य, गटात बसलेली मुलं. तिथे मंत्रालयातून काही आलं नव्हतं. एका बीटातले शिक्षक पुन्हा पुन्हा एकत्र बसत राहिले आणि मूल कसं शिकतं हे एकमेकांना दाखवत राहिले. राज्यभरातून हजारो शिक्षक स्वखर्चाने गाड्या करून कुमठ्याला गेले आणि परतून आपल्या वर्गातली फरशी रंगवू लागले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यामागे या कामाचं बळ होतं. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेही जिल्हा परिषदेच्या शाळेतच घडलं.

आणि नेमकी शिक्षकांना एकत्र आणणारी केंद्राची पायरीच आपण रिकामी ठेवली. केंद्रप्रमुखांच्या जागांचा मोठा हिस्सा बरीच वर्षं भरलाच गेला नाही. एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा प्रभार, कधी पदवीधर शिक्षकच आपला वर्ग सांभाळून केंद्र बघतो. २०२३ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने २,३८४ जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात काढली आणि ती परीक्षा लांबत गेली. जे केंद्रप्रमुख आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो: यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीसाठीची माहिती, आधार पडताळणी, शौचालयाचे फोटो, लिंक भरल्या की नाही याची यादी. व्हॉट्सॲपच्या गटावर “तात्काळ” असा निरोप येतो आणि शाळाभेट राहून जाते.

अशा वेळी वरून बघणाऱ्याला वीसपेक्षा कमी पटाची शाळा खर्चिक दिसते. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक. २०२३ मध्ये त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. उदाहरणं दिली गेली नंदुरबारच्या तोरणमाळची आणि पुण्याजवळच्या पानशेतची. मोठी शाळा, वाचनालय, खेळाचं मैदान, जायला-यायला गाडी. मुलांना हे मिळावं असं कुणाला वाटणार नाही? पण या शाळा आहेत कुठे, ते बघा. सह्याद्रीतल्या वाड्या, सातपुड्यातले पाडे, धनगरवाडे, धरणामुळे उठून वर सरकलेल्या वस्त्या. श्रावणात ओढा भरला की गाडी अलीकडेच थांबते. सहा वर्षांच्या मुलीला चार किलोमीटरवर पाठवायचं की नाही याचा निर्णय आई घेते आणि पुष्कळदा तो ‘नाही’ असतो. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं २०२२ मध्ये शाळेसाठी नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली होती. “दप्तर घ्या, बकऱ्या द्या,” ही त्यांची मागणी होती: शाळा देणार नसाल तर निदान वळायला बकऱ्या तरी द्या.

कमी पटाची प्रत्येक शाळा आहे तशी राहावी असं मी म्हणत नाही. दोन वस्त्यांच्या मध्ये पक्का रस्ता असेल, पालकांची तयारी असेल, तर एकत्र येण्यात मुलांचंच भलं आहे. तीन मुलांच्या वर्गात खेळायलाही जोडीदार नसतो. पण हा निर्णय यू-डायसच्या अकरा अंकी क्रमांकासमोरचा पट बघून घेता येणार नाही. त्यासाठी ओढा कुठे आहे, गाडी कुठवर येते, कुठल्या घरातली मुलगी गळेल, हे माहीत असलेला माणूस लागतो आणि त्याचं पद सरकारनेच तीस वर्षांपूर्वी निर्माण करून ठेवलं आहे. केंद्रप्रमुखांच्या सगळ्या जागा भराव्यात. लिंक भरण्याचं काम तालुक्याला एखादा माहिती लिपिक नेमून त्याच्याकडे द्यावं. वीसच्या आतल्या प्रत्येक शाळेत केंद्रप्रमुखाने पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा पायी जावं, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांशी बोलावं आणि आपला अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. शाळा हलवायची की ठेवायची, हे त्या ग्रामसभेनंतर ठरवावं.