नैराश्यातील बोधनिक कार्ये आणि ताणसंप्रेरकांचे ग्राही : एक विवेचन

सारांश

नैराश्य म्हणजे दीर्घकाळ टिकणारी उदासीनता, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. स्मरण, अवधान, निर्णयक्षमता आणि विचारांची गती यांवर होणारा त्याचा परिणाम तुलनेने दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे मेंदूतील दोन ग्राही, त्यांचे परस्परसंतुलन आणि ते बिघडल्यास बोधनिक कार्यांवर होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे. संप्रेरकाच्या रक्तातील प्रमाणाइतकीच, किंबहुना अधिक, ग्राहींची प्रतिसादक्षमता निर्णायक ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : नैराश्य, कॉर्टिसॉल, ग्राही, हिप्पोकॅम्पस, स्मरण, बोधनिक कार्ये.

प्रस्तावना

नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीला एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचूनही त्याचा आशय मनात ठरत नाही. ठाऊक असलेले उत्तर ऐन वेळी आठवत नाही. साधा निर्णय घेणेही जड जाते. महाविद्यालयात अशा विद्यार्थ्यास ‘आळशी’, ‘बेफिकीर’ अशी विशेषणे सहज चिकटतात आणि कालांतराने तो स्वतःही ती खरी मानू लागतो. वास्तविक विचार करण्याची वा एकाग्र होण्याची क्षमता कमी होणे आणि निर्णय न घेता येणे हे नैराश्याच्या मान्य निदाननिकषांपैकीच एक लक्षण आहे.

प्रश्नाची व्याप्तीही लहान नाही. बंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे २० प्रौढ व्यक्तींमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा विकार झालेला आढळतो. या विकारात बुद्धीची धार का बोथट होते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा ताणसंप्रेरकांच्या ग्राहींपाशी पोहोचतो.

ताणाची संप्रेरकशृंखला

शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया ताणाचे कारण कोणतेही असले तरी बऱ्याच अंशी सारखी असते, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडले. या प्रतिक्रियेचा एक प्रमुख मार्ग तीन टप्प्यांचा आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस एक संप्रेरक स्रवतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल निर्माण करण्यास प्रवृत्त करते. उंदरांसारख्या प्राण्यांमध्ये हेच कार्य प्रामुख्याने कॉर्टिकोस्टेरॉन करते.

कॉर्टिसॉल हे मुळात शत्रू नव्हे. ते साठवलेली ऊर्जा उपलब्ध करून देते, दाह आटोक्यात ठेवते आणि शरीराला संकटास तोंड देण्यास सज्ज करते. त्याचे प्रमाण पहाटेपासून वाढून सकाळी सर्वाधिक होते आणि रात्री उतरते. कार्य संपल्यावर हेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन शृंखलेला थांबण्याचा संदेश देते. या व्यवस्थेस ऋण प्रत्याभरण म्हणतात. हा संदेश मेंदूत ज्या रेणूंमार्फत वाचला जातो, ते रेणू म्हणजे ग्राही.

दोन ग्राहींचा शोध

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅक्इवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन दिले. हे संप्रेरक मेंदूत सर्वाधिक प्रमाणात हिप्पोकॅम्पस या भागात धरून ठेवले गेल्याचे आढळले. ताणाच्या शृंखलेचा आरंभ हायपोथॅलॅमसमध्ये होत असल्यामुळे लक्ष त्या भागाकडे होते. हिप्पोकॅम्पस मात्र नव्या आठवणी घडविणारा भाग आहे. ताण आणि स्मरण यांचा संबंध त्यामुळे प्रथमच शरीररचनेच्या पातळीवर दिसू लागला.

१९८५ मध्ये नेदरलँड्समधील योहानेस रूल आणि रॉन डी क्लोट यांनी दाखवून दिले की, उंदराच्या मेंदूत या संप्रेरकाचे एक नव्हे तर दोन प्रकारचे ग्राही आहेत. पहिला मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे एम.आर., आणि दुसरा ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे जी.आर. संप्रेरकाशी जोडले जाण्याची एम.आर.ची ओढ जी.आर.पेक्षा सुमारे दहापट अधिक असते. म्हणून विश्रांतीच्या अवस्थेतील अल्प संप्रेरकानेही एम.आर. बऱ्याच अंशी व्यापलेले असतात. जी.आर. मात्र सकाळच्या उच्च प्रमाणाच्या वेळी किंवा ताणाच्या प्रसंगी मोठ्या संख्येने व्यापले जातात.

एम.आर. मूत्रपिंडातही असतात आणि तेथे मिठाचा समतोल सांभाळतात. तेथील एक विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय करते, त्यामुळे त्या ग्राहींवर अल्डोस्टेरॉन या वेगळ्या संप्रेरकाला कार्य करता येते. मेंदूच्या बहुतांश भागांत हे विकर नसल्याने तेथील एम.आर. कॉर्टिसॉलच्याच अधीन राहतात. मेंदूत एम.आर. मुख्यत्वे हिप्पोकॅम्पस, अमिग्डला आणि मेंदूच्या ललाटभागात आढळतात, जी.आर. जवळजवळ सर्वत्र असतात.

ग्राहींची कार्यपद्धती

दोन्ही ग्राही पेशीद्रवात साहाय्यक प्रथिनांच्या संगतीत असतात. कॉर्टिसॉल पेशीत शिरून त्यांना जोडले गेले की, ते पेशीकेंद्रकात जातात आणि विशिष्ट जनुकांचे कार्य वाढवितात वा कमी करतात. हा परिणाम प्रकट होण्यास बराच अवधी लागतो, पण तो दीर्घकाळ टिकतो. याशिवाय एम.आर.चा एक शीघ्र परिणामही आहे. हेंक कार्स्ट, मारियान योएल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे दाखविले की, कॉर्टिकोस्टेरॉन काही मिनिटांतच हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचा संदेशप्रवाह वाढविते आणि त्यासाठी एम.आर. आवश्यक असतो.

या कार्यविभागणीचा अर्थ असा लावला जातो : एम.आर. प्रसंगाचे आकलन करण्यात, त्याचे मोल ठरविण्यात आणि तातडीचा प्रतिसाद निवडण्यात सहभागी असतो; जी.आर. पुढील तासांत प्रतिक्रिया शमविण्यात आणि घडलेले स्मरणात पक्के करण्यात सहभागी असतो. एक आरंभ सांभाळतो, दुसरा समाप्ती. दोघांचे प्रमाण सुसंगत असेल तर ताण येतो, त्यातून काही शिकले जाते आणि तो निघून जातो.

स्मरणावर होणारा परिणाम

संप्रेरक आणि बोधनिक कार्ये यांचा संबंध सरळ रेषेचा नाही. तो उलट्या ‘यू’ आकाराच्या वक्रासारखा आहे : अत्यल्प आणि अत्यधिक ही दोन्ही टोके अपायकारक आणि मध्यम पातळी उपकारक. प्राण्यांवरील संशोधनातून दोन्ही टोकांचा पुरावा मिळतो. अधिवृक्क ग्रंथी काढून संप्रेरक नाहीसे केल्यास उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील विशिष्ट पेशींचा ऱ्हास होतो, हे १९८९ मध्ये रॉबर्ट स्लोव्हिटर आणि सहकाऱ्यांनी नोंदविले. उलटपक्षी, तीन आठवडे जादा कॉर्टिकोस्टेरॉन दिल्यास हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात, हे १९९० मध्ये कॅथरिन वुली, एलिझाबेथ गूल्ड आणि मॅक्इवेन यांनी दाखविले.

परिणाम कोणत्या वेळी होतो, हेही महत्त्वाचे आहे. डॉमिनिक डी केर्व्हँ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना शब्दांची यादी पाठ करावयास सांगितली आणि २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोनची एक मात्रा वेगवेगळ्या टप्प्यांवर दिली. पाठांतरापूर्वी वा पाठांतरानंतर लगेच दिलेल्या मात्रेने दुसऱ्या दिवशीच्या स्मरणात घट झाली नाही. आठवावयाच्या एक तास आधी दिलेल्या मात्रेने मात्र स्मरण खालावले. म्हणजे माहिती नष्ट झालेली नव्हती. ती बाहेर काढण्याची वाट तेवढी अडली होती. परीक्षागृहात कोरे राहिलेले आणि घरी पोहोचल्यावर आठवलेले उत्तर या निष्कर्षाच्या प्रकाशात वेगळे दिसू लागते.

नैराश्यात नेमके काय बिघडते

नैराश्याच्या अनेक रुग्णांत, विशेषतः तीव्र स्वरूपाच्या विकारात, कॉर्टिसॉल वाढलेले आढळते. डेक्सामेथासोन हे कृत्रिम संप्रेरक दिल्यावर निरोगी व्यक्तीत कॉर्टिसॉलची निर्मिती दबते. या रुग्णांपैकी अनेकांत ती पुरेशी दबत नाही. बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या चाचणीचे प्रमाणीकरण केले. येथे एक विरोधाभास उभा राहतो. संप्रेरक भरपूर असूनही थांबण्याचा संदेश वाचला जात नाही. याचे स्पष्टीकरण जी.आर.च्या प्रतिसादक्षमतेत शोधले जाते. ग्राही मंद झाल्यास प्रत्याभरण दुबळे होते आणि शृंखला चालूच राहते.

जी.आर. मंद कशाने होतो, याचे एक उत्तर एफकेबीपी५ या साहाय्यक प्रथिनात सापडते. हे प्रथिन जी.आर.ची संप्रेरकाशी जोडले जाण्याची ओढ कमी करते. या प्रथिनाच्या जनुकातील भेदांचा नैराश्याच्या पुनरावृत्तीशी आणि औषधांच्या प्रतिसादाशी संबंध असल्याचे एलिझाबेथ बिंडर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. बालपणी गंभीर आघात झालेल्या आणि विशिष्ट जनुकभेद असलेल्या व्यक्तींत या जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात, असे त्याच गटाच्या २०१३ मधील संशोधनातून पुढे आले. बालपणीच्या अनुभवाचा ठसा अशा प्रकारे ग्राहीच्या कार्यावर दीर्घकाळ राहू शकतो.

एम.आर.ची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. काही मृत्यूत्तर अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एम.आर.ची निर्मिती कमी आढळली आहे. म्हणजे आरंभ सांभाळणारा दुबळा आणि समाप्ती करणारा मंद, अशी दुहेरी अडचण संभवते.

याचे प्रतिबिंब स्मरणात पडते. नैराश्याचे रुग्ण स्वतःच्या आयुष्यातील घटना तपशिलाने न सांगता सरधोपटपणे सांगतात, हे मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या अभ्यासात नोंदविले होते. ‘एका विशिष्ट दिवशी असे घडले’ ऐवजी ‘माझ्या बाबतीत नेहमी असेच होते’ असे त्या आठवणींचे रूप असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कॉर्टिसॉल दिल्यावर निरोगी व्यक्तींच्या आठवणींतील तपशील घटला. नैराश्याच्या रुग्णांत मात्र तसा बदल झाला नाही. ग्राहींची प्रतिसादक्षमता आधीच कमी झाल्याचे हे लक्षण मानता येते.

उपचारांच्या प्रयोगांतून मिळालेला बोध

जादा कॉर्टिसॉल हेच मूळ असेल तर जी.आर. अडविणारे औषध देऊन विकार बरा व्हावा, असा तर्क पुढे आला. मिफेप्रिस्टोन हे असे औषध आहे. २००४ मध्ये ॲलन यंग आणि सहकाऱ्यांनी द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांना ते एक आठवडा दिले असता स्थानविषयक कार्यकारी स्मरण सुधारले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीतही स्मरणातील सुधारणा दिसली, परंतु मनःस्थितीवर परिणाम दिसला नाही. भ्रमयुक्त नैराश्यावरील याच औषधाच्या मोठ्या चाचण्या मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूने, बर्लिन येथील ख्रिश्चन ओटे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एम.आर. उद्दीपित करणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक मात्रा दिली. शाब्दिक स्मरण आणि नियोजनादी कार्ये रुग्णांत व निरोगी व्यक्तींत सुधारली आणि कॉर्टिसॉलही घटले. एम.आर. अडविणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने निरोगी पुरुषांचेही निवडक अवधान खालावते, हे याच गटाने २००७ मध्ये दाखविले होते.

हे निष्कर्ष एकत्र पाहता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, एका ग्राहीला ‘वाईट’ ठरवून तो बंद करणे हा उपाय नव्हे. प्रश्न संतुलनाचा आहे. दुसरी, मनःस्थिती आणि बोधनिक कार्ये यांचा मार्ग काही अंशी वेगळा आहे. रॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणातही उदासीनता ओसरल्यानंतर अवधान व नियोजनक्षमतेतील न्यूनता काही प्रमाणात टिकून राहिल्याचे आढळले.

अर्थात, या ज्ञानाला मर्यादा आहेत. नैराश्याच्या सर्वच रुग्णांत कॉर्टिसॉल वाढलेले नसते. त्यामुळे कॉर्टिसॉलच्या चाचणीवरून नैराश्याचे निदान करता येत नाही. वरील औषधे ही नैराश्यातील विस्मरणावरचे मान्य नित्योपचार नाहीत आणि ती वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे आहे.

शैक्षणिक संदर्भ

अध्यापकाच्या दृष्टीने या विवेचनाचा उपयोग तीन ठिकाणी होतो. पहिला, मूल्यमापनात. आठवता न येणे आणि ठाऊक नसणे या दोन भिन्न अवस्था आहेत. तोंडी परीक्षेत दिलेला थोडा अवधी किंवा एखादा सूचक शब्द त्यांतील भेद उघड करू शकतो. दुसरा, अपेक्षांमध्ये. उपचार सुरू झालेला विद्यार्थी हसू-बोलू लागला म्हणजे त्याची एकाग्रताही परतली, असे गृहीत धरू नये. तिसरा, भाषेत. ‘मनावर घे’ हा उपदेश ज्या यंत्रणेकडे केला जातो, तीच यंत्रणा त्या वेळी अडलेली असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मानसिक आजाराचा समावेश आहे, हेही महाविद्यालयांनी ध्यानात ठेवावे. तसेच केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर असणे उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

ताणसंप्रेरकाचा परिणाम ते किती आहे एवढ्यावरच ठरत नाही. ते कोणत्या ग्राहीवर, कोणत्या वेळी आणि किती काळ कार्य करते यावरही ठरतो. नैराश्यात एम.आर. आणि जी.आर. यांचे संतुलन ढळल्याने आठवण, अवधान आणि निर्णय यांची यंत्रणा अडखळू शकते. हा बदल बहुधा कायमचा नसतो. कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या कुशिंग विकाराच्या रुग्णांत उपचारानंतर हिप्पोकॅम्पसचे आकारमान वाढल्याचे मोनिका स्टार्कमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नोंदविले आहे. मेंदूची ही पुनर्घडणक्षमता आश्वासक आहे. मात्र त्या पुनर्घडणीला वेळ लागतो आणि तो वेळ विद्यार्थ्याला मिळू देणे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती असते.